सेवेच्या वहीत नाव घालताना

जून महिना उजाडला, पहिला पाऊस पडला की आपल्याकडे घरोघरी एकच धांदल असते. बारावी झालेली मुले-मुली मालवण, कुडाळ, कणकवली, वेंगुर्ले, सावंतवाडी इथल्या कॉलेजांत नाव घालायला निघतात. फीची पावती होते, एस.टी.चा पास निघतो, वह्या येतात. आणि मग एके दिवशी मुलगी घरी येऊन हळूच विचारते, "बाबा, मी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव देऊ? सात दिवस शिबिराला जावं लागेल." बाबा काही बोलायच्या आतच आई चुलीपाशीन बोलते, "घरात केर काढूक सांगलंय तर हात दुखतत तुझे, आणि लोकांच्या गावात केर काढूक जातलंस?"

या आईच्या बोलण्याला हसू नका. तिने फार महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे. जी सेवा घरात नाही, ती गावात कुठून येणार? आणि गावात सात दिवस केलेली सेवा आठव्या दिवशी घरात उतरणार की नाही? आज आपण या योजनेची माहिती तर घेऊच, पण आईच्या या प्रश्नाचे उत्तर मिळते का, तेही पाहू.

आधी ही योजना आहे तरी काय? ती एकाएकी निघालेली नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला. शिकणाऱ्या मुलांनी आपखुशीने देशसेवा करावी, हा विचार तेव्हाच पुढे आला. १९५९ साली आपल्याच कोकणचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिचे म्हणणे असे की, ही सेवा सक्तीची असावी आणि ती नऊ महिने ते एक वर्ष चालावी. पुढे इतर देशांतले अनुभव पाहून के. जी. सैयदैन यांनी सल्ला दिला की, सक्ती नको, आपखुशीच बरी. शेवटी गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. त्या वेळी सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. आज ती देशभर पसरली आहे आणि लाखो मुले-मुली तिच्यात काम करतात.

सक्ती की आपखुशी, हा वाद दहा वर्षे चालला, हे ध्यानात ठेवा. शेवटी आपखुशी ठरली, ती काही उगाच नव्हे. हात सक्तीने हलवता येतात, मन मात्र सक्तीने वळत नाही. म्हणून योजनेचे ब्रीदही तसेच ठेवले : 'मी नव्हे, तुम्ही.' तिचा बिल्ला पाहिलात तर त्यावर ओडिशातल्या कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचे चाक आहे. त्या चाकाला आठ आरे आहेत. आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. हा बिल्ला लावणारा चोवीस तास सेवेला तयार असावा, असा त्याचा अर्थ.

आता व्यवहाराचे बोलू. कॉलेजात एक प्राध्यापक या योजनेचे काम पाहतात. त्यांना कार्यक्रम अधिकारी म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे अर्ज भरून नाव द्यायचे. साधारणपणे शंभर मुलांचे एक पथक होते. प्रत्येकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे. हे तास ऐकून घाबरू नका. वर्षाच्या बावन्न आठवड्यांत वाटले तर आठवड्याला सव्वादोन तासांच्या आसपास पडतात. एखाद्या सिनेमाला जेवढा वेळ जातो तेवढाच. शिवाय या दोन वर्षांत एकदा दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे. केलेल्या कामाची नोंद वहीत ठेवायची. तास आणि शिबिर पुरे झाले की प्रमाणपत्र मिळते. सवलतीचे गुण मिळण्याची पद्धत होती, आणि आता नव्या शैक्षणिक धोरणात या कामाला श्रेयांकही धरले जातात.

इथेच पहिली खोच आहे, पण तिच्याकडे मागाहून वळू. आधी शिबिर कसे असते ते पाहा.

समजा, आचऱ्याच्या बाजूची एखादी वाडी आहे. पावसाळ्यात तिथला व्हाळ दुथडी भरून वाहतो. आपल्या जिल्ह्यात पाऊस थोडाथोडका नाही, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. तरीसुद्धा एप्रिल-मे उजाडला की बाया कळशी घेऊन विहिरीच्या तळाशी पाणी शोधतात. याचे कारण काय? आपली जमीन उताराची, वर जांभ्याचा कातळ. पडलेला थेंब थांबत नाही, तो व्हाळातून खाडीत आणि खाडीतून दर्यात जातो. तेव्हा पाण्याला चार महिने 'जरा थांब' म्हणायचे, एवढाच उपाय. तो स्वस्तात करायचा म्हणजे वनराई बंधारा. मोहन धारिया यांनी काढलेल्या 'वनराई' या संस्थेवरून त्याला हे नाव पडले.

पाऊस सरला, व्हाळाची धार बारीक झाली, की सिमेंटची नाहीतर खताची रिकामी पोती गोळा करायची. त्यांत व्हाळातलीच माती आणि रेती भरायची, तोंडे शिवायची, आणि चिऱ्याची भिंत रचावी तशी सांधेमोड करून ती प्रवाहात आडवी रचायची. तळ रुंद ठेवायचा, वर निमुळते करत जायचे, फटींत चिकणमाती ठासायची. बांध फार उंच करायचा नाही. जादा पाणी वरून सुखाने वाहून गेले पाहिजे. एवढे केले की मागे पाणी तुंबते, ते हळूहळू जमिनीत मुरते, जवळच्या विहिरीला आधार होतो. गुरांना पाणी मिळते. कोणाचा भाजीचा वाफा, कोणाची चवळी, तर कोणाचे वायंगणी भात त्यावर तग धरते.

आता हे काम करताना मुलांचे काय होते, ते बघण्यासारखे असते. पहाटे उठायचे, प्रार्थना, प्रभातफेरी, मग श्रमदान. पोती वाहायला ओळ लावतात. त्या ओळीत बागायतदाराचा मुलगा असतो, रापण ओढणाऱ्याचा असतो, मास्तरांची मुलगी असते, मोलमजुरी करणाऱ्याची असते. पोते या हातातून त्या हातात जाते. पहिल्या दिवशी ज्याच्या तळहाताला फोड येतो त्याला कळते की, आपल्या घरच्या गड्याला रोज काय होत असेल. आपण खात होतो तो भात कसा होतो, आपण सांडत होतो ते पाणी कोण भरते, हे पुस्तकात वाचलेले असते. तळहाताला समजते ते त्या दिवशी. दुपारी एकत्र पंगत, जेवण मुलांनीच रांधायचे. भात करपला तर करपलेलाच खायचा. पाण्याची पाळी, भांड्यांची पाळी, आणि हो, शाळेच्या संडासाचीही पाळी. रात्री शाळेच्या जमिनीवर पथारी. चार दिवस गेले की मुले एकमेकांना आडनावाने हाक मारायची सोडून देतात.

कोणी म्हणेल, "हे सगळे ठीक आहे, पण याचा अध्यात्माशी काय संबंध? अध्यात्म म्हणजे नामस्मरण, पोथी, देऊळ." प्रश्न बरोबर आहे. पण आपल्या मराठी मुलखाने त्याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे.

गाडगेबाबा आठवा. हातात खराटा घेऊन गावात शिरायचे. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आधी रस्ता, मग देव. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः मात्र त्यांत घर केले नाही. १९५६ साली ते गेले. बाबांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, पण शिकलेल्यांनी गिरवावा असा धडा ते झाडूने लिहून गेले.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? कणकवलीला गोपुरी आश्रम आहे. १९४८ साली तो अप्पासाहेब पटवर्धनांनी काढला. अप्पासाहेब उच्चशिक्षित, पुण्याच्या कॉलेजात प्राध्यापकी केलेले. ते सगळे सोडून ते गांधीजींच्या कामात पडले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागून घेतले. उच्च जातीच्या कैद्याला ते काम देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. ही बातमी येरवड्याला कळली तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी खुद्द गांधीजींनी त्या डिसेंबरात उपोषण आरंभले. विचार करा, उपास कशासाठी? तर संडास साफ करू द्या म्हणून! पुढे गोपुरीत अप्पासाहेबांनी सोपे, स्वस्त संडास आणि सोनखत यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. १९७१ साली ते वारले. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. आमच्या मुलांना अध्यात्म शिकायला हिमालयात जाण्याची जरुरी नाही, कणकवलीची एस.टी. पुरे.

यात गोष्ट काय आहे? विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत त्यांनी हेच फोडून सांगितले आहे. बाहेरून हात काम करतात, त्याच वेळी आतून मनही त्यात उतरले, तरच ते काम माणसाला धुऊन काढते. मन नसेल तर नुसती हमाली. आणि नुसतेच मन असेल, हात नसतील, तर तो नुसता विचार. दोन्ही जुळले की 'मी केले' हा काटा हळूहळू बोथट होतो. हा काटा बोथट होणे, यालाच मी आत्मिक वाढ म्हणतो. तिला कोणत्याही धर्माचा शिक्का लागत नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, कोणीही ती कमवावी.

आता ती खोच. गुण आणि प्रमाणपत्र. मुलांनी त्यांचा लाभ घेऊ नये असे मी म्हणत नाही. पण ज्याने नावच गुणांसाठी दिले, तो तास मोजतो. १२० झाले की फावडे खाली. दुसरी खोच फोटोची. दहा जणांनी एक झाड लावायचे आणि वीस जणांनी त्याचा फोटो काढायचा, असे प्रकार आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा झाड. खड्डा मात्र इमानदार, तो दर वर्षी हजर असतो!

मुलांची परीक्षा कुठे होते ते सांगतो. बंधाऱ्याकडे परत चला. पोती हल्ली तागाची नसतात, प्लॅस्टिकच्या धाग्यांची असतात. पावसाळा तोंडावर आला म्हणजे ती काढून घ्यायची असतात. नाही काढली तर पहिल्या पुरात ती फाटतात, व्हाळातून खाडीत जातात, खाडीतून दर्यात. मग तीच चिंधोटी रापणकाराच्या जाळ्यात येतात, किनाऱ्यावर पसरतात. ज्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत समुद्री कासवे अंडी घालायला येतात, तिथेच हा कचरा. म्हणजे आपण वरच्या वाडीची सेवा केली आणि खालच्या वाडीच्या गळ्यात तिचा कचरा बांधला.

डिसेंबरात बांध घालायला पन्नास मुले येतात. ढोल असतो, पाहुणे असतात, नारळ फुटतो. मे महिन्यात पोती काढायला किती जण येतात? तेव्हा ऊन मी म्हणत असते, परीक्षा नुकत्या संपलेल्या, घरी आंब्याची गडबड. पाहुणे नाहीत, फोटो नाही, तास कधीच भरून झालेले. त्या दिवशी जे आठ-दहा जण व्हाळात उतरतात, त्यांचेच नाव सेवेच्या वहीत खरे चढले. बाकीच्यांची हजेरी लागली, एवढेच.

ही गोष्ट एकट्या मुलांवर टाकून मोकळे होऊ नका. गावकरी मंडळींनो, तुमचाही यात वाटा आहे. शिबिर गावात येते तेव्हा दोन चुका होतात. एक तर आपण त्यांना पाहुणे समजतो, कोंबडी-वडे करून घालतो आणि काम बाजूला राहते. नाहीतर फुकटचे गडी समजतो. ती पोरे आपले गटार उपसतात आणि आपण ओटीवर बसून पान जमवत सांगतो, "थंय जरा आजून खणा रे." दोन्ही वाईट. शिबिराआधी ग्रामसभेत बसून काम ठरवा. कोणता व्हाळ, कोणाची जमीन, कोण किती पोती देणार, मेमध्ये ती काढायला कोण येणार, हे कागदावर लिहा. आणि दर घरटी एक माणूस त्यांच्या ओळीत उभा करा. ज्या बांधाला गावाचा हात लागला नाही, तो बांध गावाचा होत नाही. फुटला तर कोणी बघतही नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक सोपे काम सुचवतो. शिबिर बहुधा तुमच्याच शाळेत उतरते. बांध घालण्याच्या आधी तुमच्या मुलांकडून जवळच्या विहिरीचे पाणी मोजून घ्या. एका दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा, दोरी किती भिजली ते मोजा. दर पंधरा दिवसांनी मोजा आणि तारखेसह भिंतीवरच्या तक्त्यात लिहा. सोबत बांध नसलेल्या व्हाळाजवळची एक विहीरही मोजा. मेपर्यंत तक्ताच सांगेल, बांधाने किती काम केले. मुलांचे गणित होईल, भूगोल होईल, आणि पुढच्या वर्षी कॉलेजच्या मुलांना खरे काय ते दाखवता येईल. फरक पडला नाही तर तेही लिहा. सेवेला खोट्या आकड्यांइतका मोठा शत्रू नाही.

कॉलेजच्या प्राध्यापकांनाही एक विनंती. रात्रीच्या व्याख्यानात पाहुण्यांची भाषणे थोडी आटपती घ्या आणि अर्धा तास मुलांना गोल बसवा. आज काय केले, काय चुकले, कोणाला राग आला, कोणाची लाज वाटली, एवढेच बोलू द्या. मग पाच मिनिटे गप्प बसा. दर्याची गाज ऐकू येते तेवढी पुरे. दिवसभर हातांनी केलेले काम त्या शांततेत मनात उतरते.

आणि आईबाप हो, मुलीला पाठवायचे की नाही, याचा विचार तुम्ही करणारच, केलाही पाहिजे. शिबिर कुठे आहे, मुलींची झोपायची सोय वेगळी आहे का, बाई प्राध्यापक सोबत आहेत का, हे कॉलेजात जाऊन विचारा. चांगले पथक असेल तर या प्रश्नांचा राग येणार नाही. हीच कसोटी दुसऱ्या मंडळांनाही लावा. सेवेच्या आणि साधनेच्या नावाने तरुणांना बोलावणारी मंडळे पुष्कळ असतात, त्यांत चांगलीही खूप असतात. पण जिथे प्रश्न विचारलेला खपत नाही, जिथे घरच्यांपासून लपवायला सांगतात, जिथे पैशाचा हिशेब उघडा नाही, जिथे एकाच माणसाचा जयजयकार चालतो आणि दुसऱ्या धर्माच्या माणसाविषयी मन कलुषित करतात, तिथे 'मी' कमी होत नाही, नुसता दुसऱ्याच्या 'मी'ला जाऊन चिकटतो. अशा दारातून मुलांनी खुशाल मागे फिरावे.

शेवटी त्या आईकडे येतो. तिचा प्रश्न अजून शिल्लक आहे. मुलगी शिबिराहून परत येते. अंग दुखत असते, तळहात खरखरीत झालेले असतात, सात दिवसांच्या गोष्टी सांगून संपत नाहीत. आई ऐकते, काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठायच्या आधीच खळ्यात केरसुणीचा आवाज येतो. कोणी सांगितलेले नसते, कोणी वहीत लिहिणार नसते.

तसे झाले तर समजा, शिबिर साधले. नाही झाले तर रागावू नका, मे महिन्याची वाट पाहा. व्हाळातली पोती काढायला ती कोणाच्याही बोलावण्याशिवाय निघाली, तर तिच्यासोबत एक कोयता आणि पेजेचा डबा द्या. आणि जमले तर, बाबा, तुम्हीही जा. पोती फार असतात, हात कमी असतात.